आपल्या देहावरचे संशोधन आणि ते छापण्याचे नियम

"हे संशोधनाने सिद्ध झाले आहे." हे वाक्य आता आपल्या घराघरात पोहोचले आहे. मोबाइलवर आलेला संदेश तेच सांगतो, शक्तिवर्धक पावडर विकायला दारात आलेला माणूसही तेच म्हणतो. लस घ्यावी की घेऊ नये, या वादात तर दोन्ही बाजू त्याच वाक्याचा आधार घेतात. म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानासाठी आम्ही एक वेगळा धडा निवडला आहे. वैद्यकीय संशोधन छापले कुठे जाते, ते छापताना कोणते नियम पाळावे लागतात आणि ते नियम मोडले की कोणाचा जीव जातो, हे आज समजून घेऊ.

हा विषय डॉक्टरांचा आहे, आपला काय संबंध, असे काहींना वाटेल. संबंध दुहेरी आहे. एक तर त्या छापील माहितीवरून आपल्याला औषध मिळते, लस मिळते, सरकारी योजना ठरते. दुसरे म्हणजे, ती माहिती कोणाच्या तरी शरीरावरून गोळा झालेली असते. ती माणसे बहुतेक वेळा सरकारी दवाखान्याच्या रांगेत, वस्तीत नाहीतर खेड्यात सापडतात. म्हणजे आपल्यातच सापडतात.

जर्नल म्हणजे काय?

डॉक्टर आणि संशोधक आपले निष्कर्ष ज्या मासिकांत छापतात त्यांना जर्नल म्हणतात. इंग्लंडचे 'द लॅन्सेट', अमेरिकेचे 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' ही त्यांतली नावाजलेली. आपल्या मुंबईतूनही 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' निघते. त्याचा विषयच वैद्यकीय नीती हा आहे.

चांगल्या जर्नलकडे लेख आला की संपादक तो त्याच विषयातल्या दुसऱ्या तज्ज्ञांकडे तपासायला पाठवतात. लेख लिहिणाऱ्यांशी या तज्ज्ञांचे लागेबांधे नसावेत अशी अपेक्षा असते. ते प्रश्न विचारतात, चुका दाखवतात, कधी लेख परत पाठवायला सांगतात. मात्र ही तपासणी कागदावरची असते. तज्ज्ञ काही त्या दवाखान्यात जाऊन रुग्णांना भेटत नाहीत. लेखकाने खोटे लिहिले तर ते नेहमी पकडले जाईलच असे नाही. म्हणून नुसते शास्त्र बरोबर आहे का एवढे पाहून भागत नाही. आणखी तीन प्रश्न विचारावे लागतात: हे कोणाच्या देहावर केले? कोणाच्या परवानगीने केले? आणि कोणाच्या पैशाने केले?

हे तीन प्रश्न आज नियमात आहेत. पण एक काळ असा होता की ते कोणी विचारतच नव्हते. त्याची किंमत कोणी मोजली ते पाहू.

चाळीस वर्षे छापून येत राहिलेला अन्याय

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात मेकन काउंटी नावाचा भाग आहे. तिथले टस्कीगी हे गाव. कापसाच्या शेतीत राबणारी गरीब काळी माणसे तिथे राहत. जमीन मालकाची, कष्ट यांचे, शिक्षण जेमतेम. १९३२ साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने तिथे एक अभ्यास सुरू केला. सुमारे ६०० काळे पुरुष त्यात घेतले. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस हा रोग होता, ज्याला आपल्याकडे गरमी म्हणतात. उरलेले २०१ तुलनेसाठी घेतलेले, रोग नसलेले.

अभ्यासाचा हेतू काय होता? उपचार न केल्यास हा रोग शरीराचे काय करतो, ते मरेपर्यंत पाहायचे. त्या माणसांना यातले काहीही सांगितले नाही. "तुमचे रक्त खराब आहे, आम्ही फुकट उपचार करतो," एवढेच सांगितले. पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढले, ती फक्त तपासणी होती; पण तिलाही "खास मोफत उपचार" असे नाव दिले. गाडीने नेणे-आणणे, तपासणीच्या दिवशी गरम जेवण आणि मेल्यावर पुरण्याचा खर्च, एवढ्या बदल्यात ती माणसे येत राहिली. पुरण्याचा खर्च मिळण्यासाठी एक अट होती: मृतदेह चिरून पाहू द्यायचा.

१९४० च्या दशकात पेनिसिलिन आले. या रोगावर ते खात्रीचे औषध ठरले. तरीही या माणसांना ते मिळू नये अशी व्यवस्था केली गेली. रोग अंगात मुरत गेला. कोणी आंधळे झाले, कोणाचे हृदय निकामी झाले, बायकामुलांपर्यंत रोग पोहोचला.

आता आजच्या धड्याशी थेट जोडलेली गोष्ट ऐका. हे सगळे चोरून चालले नव्हते. १९३६ साली या अभ्यासाचा पहिला लेख अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आला. त्यानंतर दर काही वर्षांनी लेख येत राहिले. 'उपचार न केलेला सिफिलिस' हे शब्द लेखांच्या शीर्षकातच होते. हजारो डॉक्टरांनी ते वाचले असतील. संपादकांनी छापले, वाचकांनी वाचले आणि बाजूला ठेवले.

१९६४ साली तीस वर्षांच्या निरीक्षणाचा लेख आला. डेट्रॉइट शहरातले डॉ. आयर्विन शॅट्झ हे तरुण हृदयरोगतज्ज्ञ तो वाचून हादरले. खात्रीचे औषध हाताशी असताना डॉक्टर रुग्णाला जीवघेण्या रोगात तसाच ठेवतात कसे, असे पत्र त्यांनी १९६५ मध्ये लेखाच्या लेखकांना लिहिले. त्यांना उत्तर मिळाले नाही. असे पत्र पहिल्यांदाच आले आहे आणि उत्तर द्यायचा विचार नाही, अशी टीप लिहून ते फाइलला लावून टाकले गेले.

पीटर बक्स्टन हे त्याच आरोग्य खात्यातले कर्मचारी. त्यांनी १९६६ आणि १९६८ मध्ये वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली. १९६९ मध्ये डॉक्टरांची बैठक बसली आणि अभ्यास चालू ठेवायचे ठरले. शेवटी बक्स्टन यांनी कागद वृत्तसंस्थेच्या हाती दिले. २५ जुलै १९७२ रोजी पत्रकार जीन हेलर यांची बातमी प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी अभ्यास बंद पडला. १९७४ मध्ये सरकारने नुकसानभरपाईपोटी सुमारे १ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली ती १९९७ साली. तेव्हा त्या माणसांपैकी फक्त आठ जण हयात होते.

यातून आपण एक गोष्ट नीट लक्षात ठेवली पाहिजे. डॉक्टर शिकलेले होते, जर्नल मोठे होते, आकडे मोजून-मापून घेतले होते. पण ज्यांच्या देहावर अभ्यास चालला त्यांना माणूस म्हणून कोणी मोजले नाही. छापणाऱ्यांनी पहिल्याच लेखाच्या वेळी "या माणसांना विचारले का?" एवढे विचारले असते, तर पुढची वर्षे वाचली असती.

नियम कसा झाला?

दुसऱ्या महायुद्धात नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर क्रूर प्रयोग केले होते. त्यांच्यावरच्या खटल्यानंतर १९४७ साली न्यूरेंबर्ग येथे दहा तत्त्वे मांडली गेली. पहिलेच तत्त्व असे की माणसाची स्वतःच्या इच्छेने दिलेली संमती हवीच. १९६४ मध्ये जगभरच्या डॉक्टर संघटनांनी फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात एक घोषणापत्र मंजूर केले. पण कागदावर तत्त्व असणे वेगळे आणि ते पाळणे वेगळे.

१९६६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे डॉ. हेन्री बीचर यांनी एक धाडस केले. नावाजलेल्या संस्थांतून झालेल्या संशोधनाची २२ उदाहरणे त्यांनी मांडली. एका संस्थेतल्या मतिमंद मुलांना मुद्दाम काविळीची लागण केली होती. एका रुग्णालयातल्या म्हाताऱ्या आजारी माणसांना काय टोचतो आहोत हे न सांगता कॅन्सरच्या जिवंत पेशी टोचल्या होत्या. बीचर यांचे म्हणणे सरळ होते: गैरमार्गाने मिळवलेली माहिती कितीही उपयोगी वाटली तरी ती छापू नये.

१९७५ मध्ये हेलसिंकी घोषणापत्रात दुरुस्ती झाली आणि स्पष्ट कलम आले: या तत्त्वांना सोडून केलेल्या प्रयोगांचे अहवाल छापण्यासाठी स्वीकारू नयेत. संशोधकाचे नाव, बढती, पुढचा निधी हे सारे लेख छापून येण्यावर अवलंबून असते. छपाईचे दार बंद झाले की गैरप्रकाराचा फायदाच संपतो. म्हणून हा नियम महत्त्वाचा.

१९७८ मध्ये मोठ्या जर्नलांच्या संपादकांनी कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एकत्र येऊन आपली समिती बनवली. आज चांगली जर्नले तिचे नियम मानतात. थोडक्यात ते असे:

१. संशोधन सुरू होण्याआधी नीती समितीची, म्हणजे एथिक्स कमिटीची, मंजुरी हवी. लेखात तसे लिहावे लागते.

२. भाग घेणाऱ्यांनी समजून-उमजून संमती दिलेली हवी.

३. पैसा कोणी दिला आणि लेखकांचे कोणते हितसंबंध गुंतले आहेत, हे उघड सांगावे लागते.

४. औषधाची किंवा उपचाराची चाचणी पहिला माणूस घेण्याआधी सर्वांना पाहता येईल अशा नोंदवहीत नोंदवावी लागते. जुलै २००५ पासून संपादकांनी ही अट घातली. कारण कंपन्या दहा चाचण्या करत आणि फायद्याच्या दोनच छापत. नोंद असली की बाकीच्या आठांचे काय झाले, हे विचारता येते.

५. ज्याने खरे काम केले त्याचेच नाव लेखक म्हणून यावे. कंपनीच्या माणसाने लिहायचे आणि मोठ्या डॉक्टरांनी नाव लावायचे, हे चालणार नाही.

६. लेखात खोटेपणा किंवा मोठी चूक सापडली तर लेख जाहीरपणे मागे घ्यायचा.

आपल्या देशात चाचण्यांची नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली. तिला सीटीआरआय म्हणतात. जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची तिथे नोंद सक्तीची आहे. ही नोंदवही कोणालाही मोबाइलवर फुकट पाहता येते.

उस्मानाबादच्या आणि मुंबईच्या मायबहिणी

आता आपल्या राज्याकडे येऊ. नियम आले, समित्या आल्या, तरी प्रश्न संपले नाहीत.

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर हा आपल्या भगिनींचा मोठा वैरी. तो वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो, म्हणून लवकर तपासले तर जीव वाचतो. पण गरीब देशात सगळ्यांना परवडेल अशी तपासणी कोणती, हे शोधायचे होते. म्हणून मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी अभ्यास केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त स्त्रिया त्यात होत्या. ७५,३६० जणींची दर दोन वर्षांनी व्हिनेगरसारखे आम्ल लावून तपासणी झाली. ७६,१७८ जणींना कॅन्सरची माहिती दिली, तपासणी मात्र नाही. याच सुमारास तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय यांच्या सहभागाने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर अभ्यास झाला. तिथे चार गट होते. तीन गटांत वेगवेगळी तपासणी, चौथ्यात नाही.

निष्कर्ष उपयोगी निघाले, हे आपण मान्य केले पाहिजे. मुंबईत तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबादचा लेख २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला. त्यात एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात ३४ मृत्यू, तर तपासणी न झालेल्या गटात ६४ मृत्यू नोंदले होते. दोन्ही गट जवळपास सारख्याच आकाराचे. आज सरकारी केंद्रांत ३० वर्षांवरील स्त्रियांची जी तपासणी होते, तिच्या मागे अशा अभ्यासांचा आधार आहे.

पण त्या ६४ जणींचे काय, हा प्रश्न उभा राहिला. श्रीमंत देशांत अनेक दशकांपासून पॅप तपासणी होत होती आणि तिने मृत्यू कमी होतात हे माहीत होते. मग एका गटाला तपासणीशिवाय ठेवून मृत्यू मोजणे योग्य होते का? तपासणी अस्तित्वात आहे, ती दुसरीकडे मिळू शकते, हे त्या स्त्रियांना नीट कळले होते का? एका अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने अमेरिकेच्या सरकारी कार्यालयाकडे तक्रार केली, कारण दोन्ही अभ्यासांना पैसा अमेरिकेतून आला होता: मुंबईला तिथल्या सरकारी कॅन्सर संस्थेचा, उस्मानाबादला गेट्स फाउंडेशनचा.

संशोधकांचेही म्हणणे होते. भारतात तेव्हा गावोगाव तपासणीची सोयच नव्हती, म्हणजे तपासणी न होणे हीच इथली नेहमीची स्थिती होती. पॅप तपासणीला प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित माणसे लागतात, ती नव्हती. उस्मानाबादच्या चौथ्या गटातल्या स्त्रियांनाही स्थानिक रुग्णालयात तपासणी कशी करून घ्यायची, हे सांगितले होते. हा वाद 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'च्या पानांवर उघडपणे झाला आणि दोन्ही बाजू छापल्या गेल्या. जर्नलने हेच करायला हवे.

आमचे मत आम्ही इथे स्पष्ट लिहितो. "इथे तशीही सोय नव्हती" हे उत्तर आम्हाला पुरे वाटत नाही. गरिबाला काही मिळत नाही, ही त्याची नेहमीची स्थिती मानली, तर त्याच्यावर कोणताही प्रयोग योग्य ठरवता येईल. सोय नसणे हा निसर्गाचा नियम नाही, तो कोणाच्या तरी कर्तव्याचा अभाव आहे. मात्र टस्कीगी आणि हे अभ्यास एकाच मापाने मोजणेही चूक ठरेल. इथे औषध अडवून ठेवले नव्हते, खोटा उपचार दाखवला नव्हता, दोष सापडलेल्या स्त्रियांना उपचार दिले होते. फरक ओळखायचा आणि तरीही प्रश्न विचारायचा, हीच अभ्यासाची रीत.

भगिनींनो, वाद एका बाजूला ठेवा, पण तपासणी टाळू नका. तिशीनंतर दर पाच वर्षांनी ही तपासणी उपकेंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात करून घ्या. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसणे, घाण वासाचे पाणी जाणे, यांपैकी काहीही असेल तर पाच वर्षे वाट पाहू नका. लगेच दाखवा.

पैसा लपवला की काय होते?

फेब्रुवारी १९९८ मध्ये लॅन्सेटमध्ये डॉ. अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा लेख आला. फक्त १२ मुलांचा अभ्यास. गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा संबंध ऑटिझम या आजाराशी असू शकतो, अशी शंका त्यात मांडली होती. आईबाप घाबरले. इंग्लंडमध्ये ही लस घेणाऱ्या बाळांचे प्रमाण सुमारे ९२ टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत घसरले.

पुढे ब्रायन डीअर या पत्रकाराने शोध घेतला. लस कंपन्यांवर दावा लावणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्ड यांना ४ लाख पौंडांहून अधिक पैसे मिळाले होते आणि लेखात ते सांगितले नव्हते. मुलांच्या नोंदींत फेरफार झाला होता. योग्य मंजुरी नसताना मुलांवर त्रासदायक तपासण्या केल्या होत्या. २०१० मध्ये लॅन्सेटने लेख मागे घेतला आणि वेकफिल्ड यांचे नाव डॉक्टरांच्या यादीतून काढले गेले. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये छापला गेला. लसीमुळे ऑटिझम होत नाही, हेच त्यात पुन्हा दिसले.

लेख मागे घ्यायला बारा वर्षे लागली. भीती मात्र अजून मोबाइलवरून फिरते आहे. २०२२ च्या अखेरीस गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवरची साथ आली, बालके दगावली. आजारी मुलांत लस न घेतलेली बरीच होती. लस चुकण्याची कारणे अनेक असतात: कोविडचे दिवस, गावाला जाणे, कामावरची सुट्टी न मिळणे. त्यात खोट्या लेखाची भीती मिसळू देऊ नका. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरा, हे आशाताईंना विचारून पूर्ण करा.

फोटोचाही नियम आहे

दवाखान्यात जखमेचा, चट्ट्यांचा, बाळाच्या व्यंगाचा फोटो मोबाइलवर काढला जातो. शिकवण्यासाठी किंवा छापण्यासाठी तो लागतो. त्यात गैर काही नाही, पण विचारले पाहिजे. जर्नलांचा नियम असा आहे की ज्यावरून माणूस ओळखू येईल असा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय छापायचा नाही. डोळ्यांवर काळी पट्टी मारणे पुरेसे नाही, असेही नियमात लिहिले आहे. कारण शेजारी-पाजारी, सोयरे-धायरे चेहऱ्याच्या ठेवणीवरून, गोंदणावरून ओळखतात. "हा फोटो कशासाठी? कुठे दाखवणार? छापणार का?" असे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. नको म्हटले म्हणून उपचार थांबवता येत नाहीत.

वस्तीत संशोधक आले तर

संशोधनाला सरसकट नकार देऊ नका. क्षयरोग, सिकलसेल, मधुमेह यांवर आपल्या लोकांचा अभ्यासच झाला नाही, तर आपल्यासाठी उपायही निघणार नाहीत. पण सही किंवा अंगठा देण्याआधी हे प्रश्न विचारा:

१. हा उपचार आहे की संशोधन? दोन्हींत फरक आहे, तो समजावून मागा.

२. गट किती? मी ज्या गटात असेन त्याला काय मिळेल, काय मिळणार नाही?

३. आज या आजारावर दुसरा कोणता उपचार मिळतो आणि कुठे?

४. त्रास झाला तर उपचार कोण करणार? औषधांच्या चाचणीमुळे इजा झाली तर २०१९ च्या नियमांप्रमाणे मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे.

५. पैसा कोणाचा?

६. मंजुरी देणाऱ्या नीती समितीचे नाव आणि फोन नंबर काय? चाचणीचा सीटीआरआय क्रमांक काय?

७. मध्येच सोडता येईल का? उत्तर "हो" असलेच पाहिजे.

८. शेवटी काय निष्कर्ष निघाला, ते आम्हाला कोण सांगणार?

संमतीपत्र आपल्या भाषेत हवे आणि त्याची प्रत आपल्याला मिळायला हवी. वाचता येत नसेल तर संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी चालेल. घाईने "इथे अंगठा लावा" म्हणणाऱ्याला थांबवा. आज घरी नेऊन वाचतो, उद्या सांगतो, असे म्हणा.

"छापून आले आहे" असे कोणी दाखवले तर

छापून येणे म्हणजे खरे असणे नव्हे. पैसे भरले की काहीही छापणारी नावापुरती जर्नलेही बाजारात आहेत. तिथे तपासणारे तज्ज्ञ नसतात. म्हणून पाहा: अभ्यास किती माणसांवर झाला? बारा मुलांवर की लाखांवर? पैसा माल विकणाऱ्याचा होता का? एकाच अभ्यासाने सांगितले की अनेकांनी? लेख मागे तर घेतला नाही ना? स्वतःला कळत नसेल तर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवा. कोणा विक्रेत्याच्या "संशोधनावर" विसंबून क्षयाच्या, साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करू नका.

एक काम आपल्याकडचे

नीती समितीत फक्त डॉक्टर नसतात. नियमाप्रमाणे त्यात कायद्याची जाण असलेली व्यक्ती, समाजकार्यातली व्यक्ती आणि एक सामान्य नागरिक असावा लागतो, आणि एक तरी स्त्री हवीच. अध्यक्ष त्या संस्थेच्या बाहेरचा असावा लागतो. सामान्य नागरिकाची ही खुर्ची आपल्यासाठीही आहे. आपल्या वस्तीतले वकील, शिक्षिका, समाजकार्य शिकलेली मुले-मुली तिथे बसू शकतात. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात समितीची चौकशी करा, नाव द्या. टस्कीगीच्या माणसांच्या वतीने त्या टेबलावर बोलणारे कोणी नव्हते. आपल्या लोकांच्या वतीने बोलणारे तिथे असावेत.

रविवारच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या वस्तीत कधी रक्त तपासायला किंवा प्रश्न विचारायला संशोधक आले होते का? निष्कर्ष कोणी सांगितला का?

२. टस्कीगीचा लेख वाचणाऱ्या हजारोंपैकी एकानेच पत्र का लिहिले असेल?

३. "इथे तशीही सोय नव्हती" या उत्तरावर तुमचे मत काय?

वरचे आठ प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून विहाराच्या किंवा अंगणवाडीच्या भिंतीवर लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.